चुकल्या घरचा चहा

दगूनानांचा गुडघा शेवटपर्यंत ठणठणीत होता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण गावात अजून कुणी ना कुणी विचारतं, ‘काय हो, नानांच्या ऑपरेशनात काही गडबड झाली होती का?’ आणि माझं डोकं फिरतं. काही गडबड झाली नव्हती. ऑपरेशन झकास झालं. टाका पिकला नाही, पाय वाकडा राहिला नाही, दीड महिन्यात म्हातारा काठी टाकून चालायला लागला. गेलं ते डोकं. आणि ऑपरेशन करा, करा म्हणून त्यांच्या मागे हात धुऊन लागलेली बाई मी.

नाना मागच्या थंडीत गेले. आमच्या दिंडोरीच्या पट्ट्यात द्राक्ष छाटणारे पुष्कळ आहेत, पण नानांसारखी छाटणी कुणाची नव्हती. ज्यांनी नुसती द्राक्षं खाल्लीत त्यांना छाटणी म्हणजे काय ते कळायचं नाही, म्हणून दोन शब्दांत सांगते. वेल वर्षातून दोनदा छाटायची. एप्रिलात खरड छाटणी, तेव्हा प्रत्येक काडी एकेक डोळा, म्हणजे जिथून फूट येते तो कोंब, ठेवून पार बुडापर्यंत कापायची. मांडव बोडका होतो. त्या एका डोळ्यातून उन्हाळ्यात नवी काडी येते, आणि त्या काडीच्या डोळ्यांत पुढचे घड गुपचूप तयार होतात. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी. तेव्हा मात्र जपून. कुठल्या डोळ्यात घड आहे आणि कुठला पोकळ, ते ओळखून त्याच्या पुढे काप घ्यायचा. घडाच्या अलीकडे कात्री चालली की वर्ष गेलं. डोळे बाहेरून सगळे सारखेच दिसतात.

नाना काडीवर अंगठ्याचं नख टेकवायचे, जरा दाबायचे, आणि सांगायचे, “सहावा.” बस. प्रयोगशाळेतून डोळे तपासून आणणारे लोक आहेत, भिंगाखाली बघतात, कागद देतात. नाना त्या कागदाला हसायचे नाहीत. वाचून घ्यायचे माझ्याकडून, मान हलवायचे आणि परत नख टेकवायचे.

दिसायला काटकुळे, उंच. डोक्यावर टोपी, पण ती कधी सरळ नाही. कमरेला जुन्या खाकी पँटची शिवलेली पिशवी, तीत कात्री. ती कात्री कुणाला देत नसत. “कात्री आन् दातवन उसनं देत नस्त्यात,” म्हणायचे. ओळीच्या तोंडाशी चपला काढायच्या, मग पहिला काप. कान खाजवायला एक काडी कानामागे खोचलेली, आणि ती बरोबर त्या दिवशीच्या बागेतलीच. संध्याकाळी कुणी विचारलं, नाना आज कुणाकडे होते, तर कानामागची काडी काढून दाखवायची, तोंडानं बोलायचं नाही. असला विक्षिप्तपणा.

आणि बागा ते मालकाच्या नावानं ओळखत नव्हते. सातबाऱ्यावर कुणाचं का नाव असेना, नानांकडे ती ‘शकूची बाग’, ‘कमळीची बाग’. आमची ‘मंदाची बाग’. मंदा म्हणजे मी. एकदा आमच्या ह्यांनी कुरकुर केली, “नाना, बाग माझ्या आजोबांची, आणि नाव हिचं होय?” नाना म्हणाले, “तू सातपूरला मशीन चालवतो. पान पिवळं पडलं तर वेल कुनाला हाक मारंल? तुला का तिला?” खरंच होतं ते. हे कारखान्यात पाळ्या करणार, आणि अडीच एकर माझ्या गळ्यात. मी नाशिक शहरातली, पंचवटीतली. लग्न होऊन आले तेव्हा मला डोळा कुठला आणि गाठ कुठली हे कळत नव्हतं.

शिकवलं नानांनी. आमच्याकडे बायकांनी घडातले जास्तीचे मणी काढून विरळणी करायची, घड औषधात बुडवायचे. छाटणीची कात्री पुरुषाच्या हातात. नानांनी मला पहिलं अख्खं वर्ष कात्रीला हात लावू दिला नाही. “हात मागं बांध, सूनबाई. डोळ्यानं छाट.” मी पाठीमागे हात बांधून त्यांच्या मागे मागे फिरायची आणि प्रत्येक काडीला आकडा बोलायची. पाचवा. सातवा. चुकले की ते रागवायचे नाहीत. ती काडी कापून माझ्या हातात द्यायचे. “घरी ने. चिरून बघ.” मी रात्रीचा स्वयंपाक टाकून ब्लेडनं डोळे चिरत बसायची. दुसऱ्या वर्षी कात्री आली. गावातली माणसं बांधावर उभी राहून दात काढायला लागली, तर नाना तिकडे न बघताच म्हणाले, “हात बाईचा असो का बाप्याचा, डोळा मोजता आला पायजे. तुमच्यातल्या किती जनान्ला येतो?” बांध रिकामा झाला.

त्यांचं एक बोलणं होतं, ते मला तेव्हा नुसतं गमतीचं वाटायचं. ते म्हणायचे, “वेल काय इसरत नाय. एप्रिलात जे सोसलं ते ऑक्टोबरात दाखवती.” म्हणजे उन्हाळ्यात काडी तयार होताना जर पाण्याचा ताण पडला, ढगाळ हवा राहिली, तर वरून काडी हिरवीगार दिसते, पण आत तयार होऊ घातलेला घड तिथेच विरून जातो. घड जिरला, म्हणतात आमच्याकडे. काडी तीच, डोळा तोच, आणि आत काही नाही.

आता त्यांच्या चहाचं सांगते. नाना चहाचे वेडे. दिवसाला सात-आठ कप. बशीत ओतायचा, डोळे मिटायचे आणि असा भुरका मारायचा की गोठ्यातलं वासरू दचकावं. कुठल्या घरी चहा पातळ, कुठे आलं जास्त, सगळं तोंडपाठ. पण एक नेम होता. ज्या घरच्या बागेत आपल्या हातून चूक झाली, त्या घरचा चहा बंद. पुढच्या गोडी छाटणीत घड नीट दिसेपर्यंत बंद म्हणजे बंद.

हा नेम मी पाहिलेला आहे. एका साली शकूच्या बागेत नानांनी पाचव्यावर काप घेतले आणि घड निघाले सहाव्या-सातव्यात, म्हणजे कापून टाकलेल्या तुकड्यांत. बाग फुटली, पण निम्मी वांझ. शकू बिचारी काही बोलली नव्हती. हवा तशी होती, सगळ्यांचंच थोडंफार गेलं होतं. नाना आपणहून तिच्या ओट्यावर जाऊन बसले. मी तिथेच होते. “शकू, माझी चूक हाय. ढगाकडं बोट दाखवनार नाय.” शकूनं चहा आणला. नानांनी कप हातानं मागे सारला. “नगं. आधी चूक सांगायची, मंग चहा सोडायचा. दोन्ही केलं तर फिटलं.” पुढे वर्षभर तिच्या दारावरून जाताना आल्याचा वास आला की म्हातारा मान फिरवायचा. पुढच्या ऑक्टोबरात घड दिसले, तर शकू किटली घेऊन स्वतः बागेत आली. नानांनी ओळीत उभ्याउभ्या तीन बशा रिचवल्या. आम्ही सगळ्या हसून हसून बेजार.

असा माणूस. आता पुढचं.

त्यांचा उजवा गुडघा आधीच दुखत होता, पण त्या एप्रिलात पार गेला. क्रेट पालथं घालून त्यावर बसायचे, एक वेल छाटायचे, क्रेट पुढे ढकलायचे. बघवत नव्हतं. त्यांचा मुलगा रामदास भाजीची पिकअप चालवतो, तो म्हणाला, “काकू, डॉक्टर म्हणतात वाटी बदला, पण नाना ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.” आणि मी लागले मागे. खोटं कशाला बोलू, मला त्यांच्या पायाची कीव होती, पण तितकीच माझ्या बागेची काळजी होती. जूनमध्ये ऑपरेशन झालं तर ऑक्टोबरला नाना उभे राहतात, हा हिशेब मी मनात केला होता. तेच मी त्यांना बोलून दाखवलं, “नाना, क्रेटवर बसून गोडी छाटणी होणार आहे का? तुमच्याशिवाय करणार कोण?” तिथं म्हातारा विरघळला. हसून म्हणाला, “बघ हां, सूनबाई. गाव म्हनतं दगूची अक्कल गुडघ्यात हाय. डाक्टरनं तीच काढून घेतली म्हंजे?” मीही हसले. जीभ झडत नाही माणसाची अशा वेळी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाशिकच्या दवाखान्यात मी बरोबर गेले होते. रामदास कागद करायला खाली गेला, नानांना फोटो काढायला नेलं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरबाई माझ्यापाशी येऊन बसल्या. तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. म्हणाल्या, “तुम्ही यांना जवळून ओळखता ना? मग नीट आठवून सांगा. गेल्या काही महिन्यांत ते विसरायला लागलेत का? तेच तेच विचारणं, नेहमीच्या कामात गोंधळ?”

मी म्हणाले, “छे हो. नाना आणि विसरणार?”

त्या म्हणाल्या, “या वयात ऑपरेशननंतर काही दिवस माणूस गोंधळतो. बहुतेक जण सावरतात. काहींचा मात्र मेंदू पहिल्यासारखा होत नाही, आणि आधीपासून थोडं विसरत असतील त्यांना धोका जास्त. म्हणून विचारते. तसं असेल तर आधी तपासणी करू, घरच्यांशी बोलू, थांबायचं का ते ठरवू.”

“नाही, तसं काहीच नाही,” मी म्हणाले.

आणि त्या एप्रिलात नानांनी मला एकाच दिवशी तीनदा विचारलं होतं, “नववी ओळ झाली का?” नवव्या ओळीतच उभे होते. एकदा कानामागे काडी खोचलेली असताना काडी शोधत होते. मला सगळं आठवत होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण सांगितलं असतं तर तपासण्या, मग तारीख पुढे, मग पाऊस, मग ऑक्टोबर हातचा गेला. मी गिळलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, हे पेशंटच्या आणि मुलाच्याही कानावर घाला, मीही त्यांच्याशी बोलेनच. मुलाशी त्या बोलल्याही असतील, सही घेताना. पण रामदासला नववी ओळ कुठे माहीत होती? ती फक्त मला माहीत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेले तर खाटेभोवती गर्दी. नाना उठून बसले होते आणि सलाईनच्या नळीवरून नख फिरवत होते. “येक. दोन. तीन. चार.” नळीला कुठला डोळा! मग दोन बोटांची कात्री करून नळीवर धरली. “हितून काप. ए, हितून.” नर्सबाई हात सोडवत होत्या, रामदास पाय धरून रडत होता. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि खेकसले, “हात मागं बांध!” मी खरंच बांधले हो. तशीच भिंतीला टेकून उभी राहिले.

डॉक्टरबाई आल्या. म्हणाल्या, हा गोंधळ उतरेल, चष्मा द्या, घड्याळ समोर ठेवा, घरचं माणूस सतत बोलत राहू द्या. मी बसले बोलत. कुणाची बाग, कुठली ओळ, कुणाचा चहा. तिसऱ्या दिवशी सकाळी नाना म्हणाले, “सूनबाई, हितला चहा म्हंजे नुस्तं गरम पानी हाय.” मी देवाला हात जोडले. वणीच्या देवीला पातळ बोलले. वाटलं, सुटलो.

कसलं काय. घरी आल्यावर हळूहळू दिसायला लागलं. पाय रोज सुधारत होता आणि माणूस रोज थोडा थोडा कमी होत होता. सदऱ्याची बटणं लावता लावता थांबायचे आणि बटणाकडे बघत राहायचे. सून सिंधू, इतक्या वर्षांची घरातली, तिला एकदा विचारलं, “तू कुनाकडं आली?” वाक्य सुरू करायचे आणि मध्येच सोडून द्यायचे. तेही चिडून नाही. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दोन महिन्यांनी दाखवायला नेलं. हाडाचे डॉक्टर गुडघ्यावर खूष. भूलवाल्या डॉक्टरबाईंनी मात्र नानांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. नानांनी गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला दाटीनं लिहिले. रामदासनं विचारलं, “मॅडम, गुडघ्याला कापलं तर डोक्याला काय झालं?” त्या बाईंनी टोलवाटोलवी केली नाही. म्हणाल्या, “नक्की असं कुणालाच माहीत नाही, मी कळतं तेवढं सांगते. मोठं ऑपरेशन म्हणजे शरीराला धक्का असतो. सगळीकडे दाह उठतो, तो मेंदूपर्यंत पोचतो. आता आपल्या पेशींत जी जनुकं असतात, आईबापांकडून आलेली, ती बदलत नाहीत. पण त्यांच्यावर खुणा असतात. कुठलं जागं राहायचं, कुठलं मिटून बसायचं, हे त्या खुणा ठरवतात. वय वाढतं तशा त्या हलतात. आणि अशा धक्क्यानं आणखी हलतात, आठवणी सांभाळणारी काही जनुकं मिटून बसतात, असं संशोधक म्हणायला लागलेत. ती परत उघडायचं औषध आज माझ्याकडे नाही.”

रामदासच्या चेहऱ्यावरून कळत होतं, त्याच्या डोक्यावरून गेलं. नाना इतका वेळ खिडकीकडे बघत होते. ते एकदम म्हणाले, अगदी पहिल्यासारख्या आवाजात, “म्हंजे काडी तीच. डोळं तेच. घड जिरला.”

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना अर्थ सांगितला. त्या नानांच्या हातावर हात ठेवून बसल्या. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “आधी खरंच काही नव्हतं?” मी परत नाही म्हणाले. दुसऱ्यांदा.

ऑक्टोबर आला. गावात सगळ्यांनी नानांना टाळलं होतं, हे मला माहीत होतं. पण मला जिद्द होती, म्हणा किंवा पाप धुवायची घाई. मनात म्हटलं, कात्री हातात आली की सगळं परत येईल. पोहणारा पोहणं विसरतो का? पेठकडची छाटणीची टोळी आली होती, सोमीबाई त्यांची पुढारीण. नाना पहाटेच तयार होऊन आले. कमरेला पिशवी, टोपी वाकडी. ओळीच्या तोंडाशी चपला काढल्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पहिल्या दोन वेली मी उभी राहून पाहिल्या. नख टेकलं, सहाव्यावर काप. सातव्यावर काप. बरोब्बर! मी पळाले घराकडे. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावायची पेस्ट कालवायची होती, टोळीचा चहा टाकायचा होता.

तास-दीड तासानं किटली घेऊन आले तर बागेत नको तेवढा उजेड. मांडवातून आभाळ दिसत होतं. नाना पुढे, त्यांच्यामागे दहा जण, आणि सगळ्यांच्या कात्र्या सपासप. प्रत्येक काडी बुडापासून एका डोळ्यावर. एप्रिलची खरड छाटणी चालली होती ऑक्टोबरात. माझं वर्षाचं पीक काड्यांच्या ढिगात खाली पडलं होतं आणि त्यावरून माणसं चालत होती.

“सोमे!” मी ओरडले. “अगं, दिसत नव्हतं का तुला?”

सोमीबाई घाबरून म्हणाली, “दिसत होतं, बाई. पन नाना कापून राह्यले. नानाला कोन सांगनार?”

आणि तिचं तरी काय चुकलं? या पट्ट्यात नानांच्या कापाला कुणी कधी प्रश्न केला नव्हता. निम्मी बाग गेली होती. मी टोळीला खुणेनंच थांबवलं. उरलेली निम्मी मी छाटली. नानांना कुणी एक शब्द बोलायचा नाही, अशी सक्त ताकीद दिली. ते बांधावर येऊन बसले, घाम पुसला, मांडवाकडे पाहून म्हणाले, “झकास निघाली बाग. मोकळी झाली.” मग किटलीकडे हात केला. “आन चहा.”

मी ओतला. बशीत घेऊन, डोळे मिटून प्यायले. “आलं बरोबर हाय,” म्हणाले आणि दुसरा मागितला. मी तिथेच ढिगावर बसून रडले. पीक गेलं म्हणून नाही. म्हणजे, त्याचंही होतंच. पण त्यांनी माझ्या घरचा चहा घेतला होता, आज, ह्या दिवशी. तेव्हा मला पहिल्यांदा पक्कं कळलं की आमचे नाना आता येणार नाहीत.

हे पहिल्या पाळीहून चारला आले. बागेत एक फेरी मारली, डोक्यावरची टोपी काढली. “म्हाताऱ्याला बोललीस का काही?” एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, “बरं केलंस.” माझ्या नवऱ्याच्या तोंडी इतका समजूतदारपणा क्वचित येतो. त्यामुळे मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं ह्यांनाही सांगितलं नव्हतं ना.

बागेचं काय, निम्मी एक साल वांझ गेली. पुढच्या एप्रिलात परत छाटली आणि पुढच्या ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घडांनी वाकली. वेलीला दुसरी छाटणी मिळते.

नानांना मिळाली ती चाल. नवा गुडघा, थांबायचं नाव नाही. उठले की चालायला लागायचे. नवरात्रात एकदा दुपारपर्यंत सापडेनात, तर वणीला पायी जाणाऱ्या लोकांबरोबर निघून गेले होते. लोकांना वाटलं नवसाचे बाबा आहेत, कुणी केळी दिली, कुणी पाणी दिलं. रामदासनं वणीच्या अलीकडे गाठलं तर म्हणाले, “कमळीच्या बागेत चाललोय.” कमळीची बाग उलट्या दिशेला. तो गुडघा पूर्वीसारखा दुखत असता तर माणूस निदान घरी तरी बसला असता. सिंधूनं मग अंगणाला फाटक करून घेतलं.

मी शेवटची गेले ते मार्गशीर्षात. ओट्यावर उन्हात बसले होते. खूप वाळलेले. कमरेला पिशवी होती, आत कात्री नव्हती. सिंधूनं ती लपवली होती. मला पाहून म्हणाले, “या, बाई. बसा तुम्ही.” मला त्यांनी जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

“कुठल्या म्हनायच्या?”

“मंदाच्या बागेतली,” मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

चेहरा एकदम उजळला. “मंदाची बाग? लय गुनाची बाग. वरल्या अंगाला जरा पानी धरती, तिथं येक डोळा जास्त ठिवायचा.” अगदी खरं होतं ते. “मंदा बरी हाय ना?”

“बरी आहे, नाना.”

“गुनाची पोर. हात मागं बांधून शिकली.”

सिंधूनं दोन कप चहा आणून ठेवला. नानांनी आपला बशीत ओतला. मी माझ्या कपाला हात लावला नाही. गेलं वर्षभर त्या घरी मी काही ना काही निमित्त सांगत होते, आज उपास आहे, आत्ताच घेतला. सिंधू दारात उभी होती. नाना माझ्या कपाकडे बघत होते.

“का वं, चहा नाय घेत? काय चूक झाली का तुमच्याकडून, ह्या घरी?”

नाव गेलं, सून गेली, महिने गेले, आणि हे तेवढं राहिलं होतं.

“हो, नाना,” मी म्हणाले.

“मोठी?”

“मोठी.”

“सांगितली त्यान्ला?”

“नाही.”

“मंग काय उपेग?” नाना म्हणाले. “आधी सांगायची. मंग चहा सोडायचा.”

मी सांगितलं. नवव्या ओळीपासून सगळं. डॉक्टरबाईंनी काय विचारलं, मी दोनदा नाही कसं म्हणाले, ऑक्टोबरसाठी कसं केलं. सिंधूकडे बघायची हिंमत नव्हती, तिच्या हातातल्या बांगड्या वाजायच्या थांबल्या तेवढं ऐकू आलं. नाना मन लावून ऐकत होते. दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकावी तसे. माझं संपल्यावर जीभ टाळ्याला लावून च्‌ च्‌ केलं.

“वाईट झालं बिचाऱ्याचं,” म्हणाले. “चांगला छाटनारा हुता का?”

“फार चांगला.”

सिंधू आत निघून गेली. नानांनी जरा विचार केला.

“मंग तुम्ही चहा घेऊ नका, बाई. पुढल्या छाटनीपत्तूर तरी नका घेऊ.” असं म्हणून त्यांनी माझा कप आपल्याकडे ओढला, बशीत ओतला आणि डोळे मिटून भुरका मारला.